पंचवीस हजार आणि आय-फाइव्हचं स्टिकर

आमच्याकडे लॅपटॉपची चौकशी "आय-थ्री घ्यावा का आय-फाइव्ह?" इथून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते. तासगावात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं ऑनलाइन फॉर्म आणि टायपिंगचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला, बेदाण्याच्या सौद्याचे पैसे हातात आले, की आईबाप पोरापोरींना घेऊन येतात. फॉर्म भरायचं निमित्त असतं, उठता उठता खरा प्रश्न निघतो. "ताई, पंचवीसच्या आत बसंल असा एखादा सांगा की." मी लॅपटॉप विकत नाही, त्यामुळं कुठल्या कंपनीचं कौतुक करायची मला गरज पडत नाही. दिवसभर वापरते मात्र हेच, आणि लोकांचे रखडत चालणारे लॅपटॉपही माझ्याच टेबलावर येऊन पडतात. तेवढ्या जोरावर हे लिहितेय.

आधी लॅपटॉपवरच्या त्या स्टिकरचा निकाल लावू. आय-फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, नुसतं आडनाव झालं, आडनावावरून माणसाचं वय कळत नाही. वय पुढच्या आकड्यात असतं. आय-फाइव्ह ७२००यू म्हणजे सातवं जनरेशन, ८३५०यू म्हणजे आठवं, ११३५जी७ म्हणजे अकरावं. पंचवीस हजारांच्या गिऱ्हाइकानं यातलं आठवं जनरेशन डोक्यात पक्कं ठेवावं. सातव्यापर्यंत साध्या लॅपटॉपमधल्या आय-फाइव्हला दोनच कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, असायचे, २०१७ मध्ये इंटेलनं आठव्या जनरेशनला ते चार केले. आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं जी यादी काढली, तीही इंटेलच्या बाबतीत जवळपास आठव्यापासूनच सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला "आय-फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी, फक्त १२ हजार" असं दिसलं की आधी जनरेशन विचारा. उत्तर बहुधा सहावं नाहीतर सातवं येतं. कंपन्यांनी ती यंत्रं एकगठ्ठा काढून टाकली, ती आता आपल्या गावात आली आहेत. दुकानदार त्यावर विंडोज ११ टाकूनही देतो. पण ते आडवाटेनं घातलेलं असतं, आणि अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

उलटंही होतं. आय-थ्री १२१५यू हा बाराव्या जनरेशनचा आय-थ्री. त्यात सहा कोअर आहेत आणि जुन्या आय-फाइव्हला तो आरामात मागं टाकतो. इंटेलचा एन१०० तर लोकांना प्रोसेसरच वाटत नाही, कारण नावात 'आय' नाही. २०२३ मध्ये आलेला हा चार कोअरचा साधा, कमी वीज खाणारा चिप आहे, आणि फॉर्म, पीडीएफ, एक्सेल एवढ्या कामाला सातव्या जनरेशनच्या आय-फाइव्हपेक्षा तो बरा चालतो. मात्र त्याच रांगेत, जवळपास त्याच किमतीला सेलेरॉन एन४०२० ठेवलेला असतो. त्याला दोनच कोअर. तो नको.

प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिचं आणखी वेगळंच. रायझन थ्री ७३२०यू वाचून सात हजारांच्या मालिकेतलं काहीतरी ताजं वाटतं. या नंबरात तिसरा आकडा बघायचा असतो. तिथं २ आहे, म्हणजे आतली रचना झेन टू, २०१९ च्या सुमाराची. ७३३०यू असेल तर ३, म्हणजे झेन थ्री. ७३२०यू वाईट नाही, रोजच्या कामाला पुरतो. पण त्याच्याबरोबर रॅम, म्हणजे उघडलेली कामं धरून ठेवणारी मेमरी, बोर्डावर डकवूनच येते, पुढं कधीच वाढवता येत नाही. तो घ्यायचा तर पहिल्या दिवशीच निदान ८ जीबीचा.

आता रॅम. रोजचं काम म्हणजे हलकं काम असं लोक धरून चालतात. माझ्या दुकानातली सकाळ सांगते. क्रोममध्ये महाडीबीटी उघडलेलं, शेजारच्या टॅबमध्ये सीईटीचं पोर्टल, तिसऱ्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब, कारण गिऱ्हाईक आधार, टीसी, उत्पन्नाचा दाखला सगळं तिथंच पाठवतं. खाली एक्सेल. मधेच फोटो २० केबीच्या आत बसवायला पेंट. यातलं एकही काम जड नाही. पण सगळी मिळून ४ जीबी रॅम चहाच्या आधीच भरून टाकतात, आणि मग सबमिटचं बटण दाबलं की गोल चकरी फिरत बसते. लोक म्हणतात, "साइट स्लो आहे." साइट असतेच स्लो, पण दर वेळी नाही. कॉलेजच्या पोरीचंही यापेक्षा वेगळं नसतं: मीटची लिंक, पीपीटी, चार-पाच पीडीएफ आणि मागं गाणी.

म्हणून माझी पहिली अट ८ जीबी रॅम. दुसरी, फाइली साठवायला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नको, चिपवर साठवणारी वेगवान एसएसडी हवी. तिसरी, रॅम वाढवायला स्लॉट असावा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत की जी ८ जीबीची डीडीआर-४ रॅम सहज घालून मिळायची, तिला आता दुपटीहून जास्त मोजावे लागतात. "सध्या ४ वर भागवू, दिवाळीत वाढवू" हा हिशेब त्यामुळं बसत नाही.

स्लॉट आहे का, हे झाकण न उघडता कळतं. दुकानात लॅपटॉप चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. खाली 'फॉर्म फॅक्टर' अशी ओळ दिसते. तिथं 'एसओडीआयएमएम' (SODIMM) असेल तर रॅम काढता-घालता येणारी. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर ती बोर्डावर डकवलेली.

ही ओळ मागच्या हंगामात उपयोगी पडली. मणेराजुरीकडचे एक बागायतदार मामा, मुलगी सांगलीला बी.कॉम.ला, बजेट पंचवीस. मला सांगलीला कागद आणायला जायचंच होतं, तर म्हणाले, "बरोबर या, तुमच्या देखत घेऊ." पहिल्या दुकानात पोरानं एक नवाकोरा काढून ठेवला. साडेपंधरा इंची, चंदेरी, अंगावर प्लास्टिक तसंच. चोवीस हजार. मामांना पाहताक्षणी आवडला. मी टास्क मॅनेजर उघडला: ४ जीबी, रो ऑफ चिप्स. डिस्क ६४ जीबी, तीही ईएमएमसी, म्हणजे मोबाइलसारखी बोर्डावर बसवलेली मेमरी. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. दोन-चार अपडेट आल्या की जागा संपते, आणि जागा नाही म्हणून पुढची अपडेट अडते.

"मॅडम, रॅम नंतर वाढवता येतंय की."

"कशी वाढवशील? ही ओळ वाच."

त्यानं वाचली, मान खाजवली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "ह्यात नाही वाढत."

मामा मात्र तिथून हलेनात. "पोरीला जुनं कशाला द्यायचं?" हे त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. घरातला पहिला लॅपटॉप, तोही मुलीला, आणि तो कुणाचा तरी वापरून झालेला. पण नवेपणा म्हणजे डबा आणि प्लास्टिक. ते पहिल्या आठवड्यात जातं, ४ जीबी मात्र पदवी हातात पडेपर्यंत राहते. शेवटी मुलगीच म्हणाली, "पप्पा, क्लासातल्या एकीचा असलाच आहे. ती लॅपटॉप चालू करून आंघोळीला जाते."

मग आम्ही कंपनीतून निघालेला माल ठेवणाऱ्या दुकानात गेलो. हिंजवडीसारख्या ठिकाणच्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप एकदम बदलतात आणि जुने ठेकेदारामार्फत बाजारात येतात. यात डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोव्होचे थिंकपॅड जास्त. नवे असताना ते महागात विकले गेलेले असतात, त्यामुळं सांगाडा, कीबोर्ड, बिजागऱ्या सगळं वरच्या दर्जाचं. थिंकपॅड टी४८० ला तर दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. तो हवाच होता, पण त्या दिवशी जो होता त्याचा टचपॅड बिथरलेला. एलिटबुक ८४० जी५ मिळाला. आय-फाइव्ह ८३५०यू, ८ जीबी एकाच स्लॉटमध्ये आणि दुसरा मोकळा, २५६ जीबी एसएसडी, १४ इंची फुल एचडी. साडेएकवीस हजार, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी, बॅटरी सोडून. बॅटरी सगळेच वॉरंटीतून वगळतात.

ती बॅटरी तपासूनच घ्यायची. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' टाइप करायचं, मग मधे जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज उरलेली. आम्ही घेतलेल्या लॅपटॉपात ५० हजारांपैकी ३७ हजार मिलीवॅट-अवर होती, म्हणजे पाऊण. ते चालतं. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

दुसरी तपासणी कुलपाची. कंपनीच्या लॅपटॉपवर कधी कधी कंपनीचं रिमोट कुलूप राहून जातं. घरी आणल्यावर रीसेट मारला, इंटरनेटला जोडला, की स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव येतं आणि ऑफिसचा ईमेल मागतो. मग तो लॅपटॉप दुकानदारालाही उघडता येत नाही. म्हणून काउंटरवरच "रीसेट मारून, वायफाय जोडून दाखव" म्हणायचं. वेळ जातो, जाऊ दे. एचपीचा असेल तर चालू करताना एफ-१० दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्येही डोकवा. तिथं पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसला तर दुसरा दाखवा म्हणायचं.

माझा स्वतःचा हट्ट मात्र स्क्रीनचा. साडेपंधरा इंची आणि १३६६ बाय ७६८ ठिपके (पिक्सेल) हा जोड अजून विकला जातो, कारण "मोठी स्क्रीन" म्हणून खपतो. त्यावर मराठी वाचायला घ्या. १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा उघडा आणि पूर्ण पान दिसेल इतका लहान करा. रफार वरच्या रेघेत मिसळतो, अनुस्वार दिसेनासा होतो, 'र्व' आणि 'व' सारखेच वाटायला लागतात. माझ्या कामात नावातली एक मात्रा हुकली की माणसाला पुन्हा अर्ज करावा लागतो. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० असेल तर तेच पान १४ इंचावरही स्वच्छ वाचता येतं.

आणि स्क्रीन नुसती समोरून बघू नका. मागं कलवा, उभं राहून वरून बघा. चेहरे काळपट पडले, काळं पांढुरकं झालं तर स्वस्तातलं टीएन पॅनेल आहे, बाजूनंही नीट दिसणारं आयपीएस नाही. एकट्यानं बघायला टीएन चालेल, पण गिऱ्हाईक टेबलाच्या बाजूनं वाकून "माझं नाव बरोबर आहे का" बघत असेल, किंवा दोन मैत्रिणी एकाच लॅपटॉपवर प्रोजेक्ट करत असतील, तर आयपीएसच हवा.

बिजागरी हे स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपचं खरं दुखणं. माझ्या टेबलावर येणाऱ्या मोडक्या मशीनमध्ये प्रोसेसर गेलेला क्वचित असतो, बिजागरी उखडलेली नेहमी. स्क्रूची पितळी नळी प्लास्टिकमध्ये बसवलेली असते. एका कोपऱ्याला धरून झाकण रोज उघडलं की ती सुटते, मग कोपऱ्यातून फट दिसायला लागते, आणि एक दिवस झाकण उघडताना पूर्ण कडाच वर येते. आमच्या गल्लीतला रिपेअरवाला एम-सील भरून देतो, वर एक स्क्रू आरपार मारतो. टिकतं, पण दिसायला कठीण. घेताना झाकण मधोमध धरून हळू उघडा आणि कोपऱ्यात कान द्या. कटकट आवाज आला तर पुढचं बघा.

कीबोर्डचं एक सांगायचं राहिलं. बाहेरच्या देशातून आलेले लॅपटॉप कधी कधी जर्मन नाहीतर जपानी कीबोर्डचे असतात, त्यावर इंग्रजी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले. एंटरची कळ वेगळ्या आकाराची दिसली की ओळखा. टायपिंग शिकणाऱ्या पोरींनी असला अजिबात घेऊ नये, बोटांना लागलेलं वळण बिघडतं. १४ इंचीला आकड्यांची वेगळी पट्टी नसते. टॅलीवाल्यांना ती लागतेच, पण यूएसबीची पट्टी काहीशे रुपयांत वेगळी मिळते, तेवढ्यासाठी मोठा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. आणि मराठीसाठी "सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहेच, २०१९ पासून इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिता येणारा फोनेटिक कीबोर्डही आहे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली उघडायच्या असतील तर गोष्ट वेगळी, पण ते काम छापखानेवाल्यांचं.

क्रोमबुकबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपबद्दलही विचारतात, कारण जाहिरातीत किंमत दिसते. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे त्यानं घ्यावं. पण टॅली, डिजिटल सहीचं डोंगल, अंगठ्याचं मशीन यातलं एक जरी लागणार असेल तर विंडोजच बघा, ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ड्रायव्हरांची, सगळी मांडणी विंडोजच्या हिशेबानं केलेली असते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना मी त्यांच्याच जुन्या चौथ्या जनरेशनच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकून दिलं. त्यांना पेपर वाचायचा, भजनं ऐकायची, नातवाशी बोलायचं. एक नवी एसएसडी सोडली तर खर्च नाही, आणि गेले कित्येक महिने त्यांची तक्रार एकच, पत्त्यांचा डाव सापडत नाही.

नवाच घ्यायचा कुणी? ज्याच्याकडं पस्तीस-चाळीस आहेत आणि ज्याला दुरुस्तीला नेणारं कुणी जवळ नाही त्यानं. बाराव्या-तेराव्या जनरेशनचा आय-थ्री, ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, फुल एचडी, आणि जमलं तर घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी. 'ऑनसाइट' आणि 'कॅरी-इन' यातला फरक तालुक्याच्या गावात फार मोठा. कॅरी-इन म्हणजे सर्व्हिस सेंटर असेल त्या गावाला एसटीनं जायचं, ठेवून यायचं, परत आणायला जायचं. पंचवीसच्या आत असाल तर नव्याच्या मागं लागू नका. अधेमधे, तीसच्या आसपास, मला आजपर्यंत मनापासून सांगावासा नवा लॅपटॉप दिसलेला नाही. काही ना काही कापलेलं असतंच, बहुतेक वेळा स्क्रीन.

घरी आणल्यावर तीन पिनांचा प्लग तीन पिनांच्याच सॉकेटात लावा. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला दोन पिनांचं एक्स्टेंशन लावलं की चार्जिंगला असताना मनगटाला मुंग्या आल्यासारखं होतं. लॅपटॉप बिघडलाय म्हणून परत घेऊन येतात लोक. त्यात लॅपटॉपचा दोष नसतो, अर्थिंग मिळालेलं नसतं.

सांगलीच्या त्या दुसऱ्या दुकानात एलिटबुकचं बिल करताना तिथला मुलगा विचारत होताच, "अँटिव्हायरस टाकू? ऑफिस टाकू पाचशेत?" विंडोजमध्ये डिफेंडर असतो, अँटिव्हायरस नको. पाचशेतलं ऑफिस म्हणजे चोरीचं, त्याबरोबर काय काय येतं ते मी निस्तरत असते. लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठीतही मिळतं, बी.कॉम.च्या पोरीला पुरतं. माऊस मात्र घ्यायला लावला. बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला आणि लॅपटॉप उलटा करून तळाच्या स्टिकरशी ताडून पाहिला. मामा तोवर एका कोपऱ्यात दुकानाच्या मालकाशी द्राक्षाच्या दराचं बोलत होते. निघताना बघते तर लॅपटॉपची बॅग फुकट, वर एक पेनड्राइव्ह. एवढी घासाघीस मला नसती जमली.